चाळीस ते साठमधली ताकद

मोटरसायकल म्हटली की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात. वडीलधारे विचारतात, ॲव्हरेज किती देते? पोरं विचारतात, टॉप किती मारते? मी वाईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, राहते साताऱ्यात, आणि रोजची ये-जा इंटरसेप्टर 650 वर करते. पार्किंगमध्ये हेल्मेट काढेपर्यंत अकरावी-बारावीतलं कुणीतरी गाडीपाशी येऊन उभं राहतंच. ‘मॅडम, टॉप किती?’ हा प्रश्न या मुलांच्या डोक्यातून जावा, असं मला मनापासून वाटतं. कारण ज्या आकड्यासाठी ती जीव टाकतात, त्याचा आणि मोटरसायकलच्या रोजच्या चालीचा फारसा संबंध नसतो.

केंद्र सरकारने 2018 साली वेगाच्या ज्या कमाल मर्यादा ठरवल्या, त्यांत दुचाकीला चौपदरी रस्त्यावर ताशी 80 किलोमीटर आणि शहरात 60 आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. मग दीडशे-एकशेसाठचा आकडा वापरायचा कुठे? गावातल्या शाळेसमोर? साडेसहाशे सीसीची गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि गाड्यांची परीक्षणं लिहिणाऱ्यांनी तर जरूर विचारावा. त्यांच्या लिखाणात मोकळ्या ट्रॅकवरचा वेग रंगवून सांगितलेला असतो. सकाळी सव्वासात वाजता एसटीच्या मागे अडकल्यावर गाडी कशी वागते, हे मात्र दोन ओळींत आटोपतं.

माझा रस्ता बहुतेकांना माहीत असेल. साताऱ्याहून निघून लिंब खिंड, आनेवाडीचा टोलनाका, उडतारे, आणि पाचवडला डावीकडे वळून वाई. पाचवडपर्यंत महामार्ग, तिथून पुढे गावं, वळणं, शेतातून अचानक रस्त्यावर येणारे ट्रॅक्टर. या वाटेवर गाडीचा वेग तीस आणि सत्तरच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो. म्हणजे माझ्या इंजिनाचं सगळं आयुष्य त्या चाळीस किलोमीटरांच्या पट्ट्यात जातं. गाडीची खरी किंमत तिथे कळते, आणि तिथे या गाडीने मला दिलेलं सुख मोठं आहे.

इंजिन 648 सीसीचं, दोन सिलिंडरचं, हवा आणि ऑइलवर थंड होणारं. ताकद साधारण 47 अश्वशक्ती. जवळपास तेवढ्याच सीसीची कावासाकी झेड 650 अडुसष्टच्या घरात जाते, तेव्हा कागदावर इंटरसेप्टर कमीच भरते. पण ही मवाळी जाणूनबुजून ठेवलेली आहे. टॉर्क 52 न्यूटन-मीटर, आणि त्यातला ऐंशी टक्के अडीच हजार आरपीएमलाच हाताशी असतो असा कंपनीचा दावा आहे. दावा तंतोतंत आहे का हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, पण तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने उडताऱ्यातून जाताना गाडी कुठेही अडखळत नाही. गतिरोधक ओलांडून नुसती मूठ पिळली की तीच गाडी त्याच गिअरमध्ये साठपर्यंत सरळ उचलते. धक्के नाहीत, इंजिनाची कुरकुर नाही. याआधी दीडशे सीसीची गाडी माझ्याकडे बरीच वर्षं होती, गुणी होती, पण तिच्यावर हेच करायला दोन गिअर खाली यावं लागे आणि इंजिन आरडाओरडा करी.

या दोन सिलिंडरांची रचना मला वर्गात सांगावीशी वाटते. क्रँक 270 अंशांचा आहे. म्हणजे दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली जात नाहीत, आणि एकमेकांच्या थेट उलटही जात नाहीत. चार-स्ट्रोक इंजिनाचं एक आवर्तन 720 अंशांचं. त्यात पहिल्या स्फोटानंतर दुसरा 270 अंशांनी आणि पुन्हा पहिला 450 अंशांनी होतो. एक छोटं अंतर, एक मोठं. म्हणून त्या इंजिनाचा ठेका एकसुरी येत नाही, आणि बॅलन्सरच्या साथीने थरथरही बऱ्यापैकी आवरली जाते. ऐंशीच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन चार हजारांच्या बरंच खाली फिरत असतं. तास-दीड तास चालवून उतरल्यावर तळहातांना मुंग्या आलेल्या नसतात, हे रोज ये-जा करणाऱ्या माणसासाठी टॉप स्पीडपेक्षा कितीतरी मोठं आहे. क्लचही हलका. घाटातल्या कोंडीत डावं मनगट भरून येत नाही.

आता मुख्य गोष्ट, उसाच्या हंगामातली. नोव्हेंबर ते मार्च वाईच्या रस्त्याला एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर बाहेर आलेला ऊस, मागे दिवा असला तर असला, वेग वीसचा. गाडी पुढे काढायची तर किती वेळ आपण समोरच्या वाहनाच्या बाजूला असतो? मी मुलांना हेच गणित घालते. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि पुढचं-मागचं सुरक्षित अंतर मिळून पस्तीस मीटर धरा. तुम्ही चाळीसने ओलांडत असाल तर सापेक्ष वेग वीसचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. सव्वासहा सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून साठने येणारा टेम्पो शंभर मीटरहून जास्त पुढे आलेला असतो. तुम्ही साठने ओलांडलंत तर काम सव्वातीन सेकंदांत होतं आणि टेम्पो बावन्न-त्रेपन्न मीटरच येतो. धोक्याच्या बाजूला काढलेला वेळ निम्मा. चाळीसवरून साठवर जाण्याची ही ओढ लागते तेव्हा लगेच मिळाली पाहिजे, गिअर शोधत बसायला वेळ नसतो. मध्यम ताकदीच्या गाडीचा माझ्या लेखी सर्वांत मोठा उपयोग हाच. अर्थात समोरचा रस्ता स्वच्छ दिसत नसेल तर ट्रॉलीच्या मागेच राहायचं. ते गणित कुठलंही इंजिन बदलत नाही.

2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, आणि त्यांत 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. इतक्या मृत्यूंचं कारण एकट्या इंजिनात शोधणं खुळेपणाचं ठरेल. हेल्मेट, रस्ते, अंधारातली वाहनं, दारू, सगळं त्यात आहे. पण दुचाकीवर रोज महामार्ग कापणाऱ्याला हाताशी थोडी जास्तीची ओढ आणि भरवशाचा ब्रेक लागतो. या गाडीला पुढे 320 मिलिमीटरची डिस्क आहे, मागेही डिस्क, आणि दोन्ही चाकांना एबीएस. पहिल्या पावसात आनेवाडीच्या अलीकडे समोरून कुत्रं आडवं आलं, तेव्हा ब्रेकच्या लिव्हरमध्ये एबीएसची ती धडधड हाताला जाणवली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर आणून टाकलेला असतो, त्यावरून जाताना मूठ सांभाळूनच पिळावी लागते, कारण खालच्या आरपीएमला मिळणारा तोच टॉर्क ओल्या मातीत मागचं चाक घसरवू शकतो.

जड बाजूही सांगते, कारण हे वाचून कुणी उद्याच शोरूममध्ये जाऊ नये. गाडी पेट्रोल भरून दोनशे किलोंच्या वर जाते. माझी उंची पाच फूट तीन इंच आणि सीट 804 मिलिमीटरवर. दोन्ही पायांचे पुढचे पंजे टेकतात, टाचा नाहीत. चालत्या गाडीत हे वजन जाणवतच नाही, ते सगळं उभ्या गाडीत आहे. साताऱ्याच्या जुन्या पेठा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या. तिथे एक नियम पाळावाच लागतो: उताराकडे तोंड करून गाडी कधी लावायची नाही. रिव्हर्स गिअर नसतो, आणि दोनशे किलो चढाला मागे ओढणं एकट्याच्याने होत नाही. तोंड चढाकडे ठेवायचं, म्हणजे निघताना गाडी आपोआप मागे येते. मंगळवार पेठेत माझ्या ओळखीतल्या एकाने हौसेने अशीच मोठी गाडी घेतली आणि दारातल्या उतारापायी काही महिन्यांत विकली. गाडी उत्तम होती. त्याच्या दारात बसत नव्हती.

उन्हाळ्यात राजवाड्याजवळच्या गर्दीत उभं राहिलं की हवेवर थंड होणाऱ्या मोठ्या इंजिनाची धग पोटऱ्यांना लागते. वारा नाही तर इंजिन थंड होणार कसं? ज्यांचं सगळं चालवणं स्वारगेट ते शिवाजीनगर एवढंच आहे, त्यांनी ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी स्कूटर किंवा सव्वाशेची गाडी शंभर पटींनी शहाणी. तारांच्या चाकात ट्यूब असते, तेव्हा पंक्चर म्हणजे चाक उतरवणं आलं. 2023 पासून मिश्रधातूची ट्यूबलेस चाकं काही रंगांत मिळू लागली आहेत, रोजच्या वापराला तीच घ्यावीत. दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून ल्यूब मारायचं. ओढणी या गाडीवर चालत नाही, ती बॅगेत. पायात घोट्यापर्यंतचे बूट.

आणि वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर: लिटरला पंचवीसच्या आसपास. वाईच्या जाण्या-येण्याला सत्तरेक किलोमीटर होतात, म्हणजे पावणेतीन लिटरच्या वर पेट्रोल. शंभर सीसीची गाडी तेच अंतर सव्वा लिटरच्या आत कापते. हा फरक महिन्याच्या हिशेबात दिसतो. तो मी विचार करून पत्करला आहे, कारण त्या बदल्यात महामार्गावर ट्रकच्या वाऱ्याने न हलणारी गाडी आणि ओलांडताना निम्मा वेळ मिळतो. ज्याच्या पगाराला हे झेपत नाही, त्याने कर्ज काढून हे करू नये.

पण सरकार या गाडीकडे ज्या नजरेने पाहतं, ती मला पटत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. लाखो घरांसाठी हे चांगलंच झालं. त्याच दिवशी 350 सीसीच्या वरच्या गाड्यांवरचा कर, जो उपकर धरून 31 टक्के होता, तो थेट 40 टक्के झाला. म्हणजे एका रेषेच्या दोन बाजूंना बावीस टक्क्यांचं अंतर.

ही रेघ नेमकी काय मोजते? 349 सीसीची क्लासिक 350 रेघेच्या आत आहे, वजन 195 किलो, ताकद वीस अश्वशक्ती. आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी 398 सीसीची ट्रायम्फ स्पीड 400 वजनाने तिच्यापेक्षा हलकी, ताकद दुपटीच्या जवळ, आणि 2023 मध्ये आली तेव्हा किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास होती. ती रेघेबाहेर, चैनीच्या रांगेत. इंटरसेप्टरही 2018 च्या नोव्हेंबरात अडीच लाखांपासून सुरू झाली होती, आणि तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या छोट्या मोटारींना आज 18 टक्केच कर आहे. कुठेतरी रेघ मारावी लागते हे मी समजू शकते. मग ती किमतीवर मारा. दहा लाखांची परदेशी सुपरबाइक आणि तीन-साडेतीन लाखांची भारतात बनलेली, भारतातल्या माणसाने कामावर जायला घेतलेली गाडी एकाच खणात टाकू नका. सिलिंडरच्या घनफळावरून चैन मोजण्याने इतकंच होईल की कारखाने 349 सीसीच्या गाड्या बनवत राहतील आणि महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला लागणारी ती थोडी जास्तीची ओढ सामान्य खिशाबाहेर जाईल.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण दोन-चार वर्षांत नोकरीला लागतील आणि आयुष्यातली पहिली मोठी गाडी घ्यायला निघतील. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे: पहिली गाडी साडेसहाशेची नको. दोनेक वर्षं छोट्या गाडीवर हात बसू दे. मग टेस्ट राइड घ्या, पण मोकळ्या बायपासवर नको, तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीस-तीसवर गाडी सोडून बघा, धक्के देते का. चाळीसवरून साठला जायला गिअर बदलावा लागतो का. इंजिन बंद करून गाडी हाताने ढकलत दहा पावलं मागे घ्या. यू-टर्न घ्या, पाय न टेकवता. शोरूमवाले बायपासला चला म्हणतील, तुम्ही भाजी मंडईचा रस्ता मागा. आणि घरातलं जे माणूस रोज मागे बसणार आहे, त्याला सोबत न्या. सीट किती वेळ सोसवते, हे त्यालाच विचारायचं.