रोप-वेत नोकरी करायची, तर शाखा कोणती घ्यावी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मलकापूर-कराड भागात पालकांची धावपळ सुरू होते. आम्ही विस्तार खात्याची माणसं जातो पिकाचं सांगायला. पण जूनमध्ये बांधावर विचारणा होते ती पोराच्या ॲडमिशनची. अलीकडं एक नवीनच प्रश्न कानावर येतो. गुलमर्गची गोंडोला किंवा बर्फावर खेळणाऱ्यांना डोंगरावर नेणारी स्की लिफ्ट टीव्हीवर बघितलेली मुलं म्हणतात, "मला याचा इंजिनिअर व्हायचंय." आणि वडील विचारतात, "साहेब, याचं कॉलेज कुठं हाय?"

सरळ उत्तर असं, की कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात या नावाची शाखा नाही, आणि तिची गरजही नाही. जगातली पहिली खुर्च्यांची स्की लिफ्ट 1936 साली अमेरिकेत सन व्हॅली येथे झाली. ती बनवणारे जेम्स करन हे रेल्वे कंपनीतले इंजिनिअर. केळीचे घड बोटीत चढवणारी आकड्यांची फिरती यंत्रणा त्यांना माहीत होती. आकड्याच्या जागी खुर्ची आणि घडाच्या जागी माणूस, एवढा बदल त्यांनी केला. म्हणजे विद्या मूळचीच होती, फक्त जागा नवी.

आता शाखांचं बघू. दोर, चाकं, गिअरबॉक्स, ब्रेक आणि पाळण्याची दोरावरची पकड हे सगळं मेकॅनिकलचं काम. मोटर, कंट्रोल पॅनेल, वाऱ्याचा वेग मोजून लिफ्ट थांबवणारी यंत्रणा हे इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्सचं. मनोऱ्यांचा पाया, डोंगराचा खडक, दरडीचा धोका हे सिव्हिलचं. ज्याला रोजच्या चालवण्यात व देखभालीत राहायचं आहे त्यानं पहिली पसंती मेकॅनिकलला द्यावी, दुसरी इलेक्ट्रिकलला. ज्याला उभारणीत रस आहे त्यानं सिव्हिल घ्यावं.

जुन्या लोकांना मोटेचा नाडा आठवत असेल. नाडा चाकावरून वाकून वाकून झिजायचा आणि एक दिवस तुटायचा. पोलादी दोराचं दुखणं तेच. तारांचे पेड, पेडांचा दोर. वरून धड दिसतो, आत तारा तुटलेल्या असतात. म्हणून त्याची चुंबकीय यंत्रानं तपासणी करावी लागते. झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर 10 एप्रिल 2022 रोजी, रामनवमीच्या दिवशी, रोप-वेचा अपघात झाला. माणसं पाळण्यात अधांतरी अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली, तिघांचा जीव गेला. या धंद्यात आळसाला जागा नाही. पदार्थांची ताकद, धातूचा थकवा, यंत्रांची रचना हे विषय घोकून पास होणाऱ्यानं या वाटेला जाऊच नये.

नोकऱ्या आहेत का? रायगडचा रोप-वे 1996 पासून आहे. सप्तशृंगगडावर 2018 मध्ये दोरावर ओढली जाणारी ट्रॉली सुरू झाली. केंद्राने 2022-23 च्या अर्थसंकल्पात पर्वतमाला योजना जाहीर केली, आणि सोनप्रयाग ते केदारनाथ या 12.9 किलोमीटरच्या रोप-वेला मार्च 2025 मध्ये मंजुरी मिळाली. काम वाढतं आहे. तरी एका रोप-वेवर इंजिनिअर लागतात मोजकेच. म्हणूनच शाखा रुंद घ्यावी. रोप-वेत जागा नाही मिळाली तर मेकॅनिकलवाल्याला साखर कारखाना आहे, क्रेन आहे, इमारतींच्या लिफ्ट आहेत, खाणी आहेत. गव्हाणीपासून मिलपर्यंत ऊस नेणारी साखळी सांभाळलेल्या पोराला ही यंत्रं परकी वाटणार नाहीत. सुट्टीत कारखान्याच्या वर्कशॉपला महिनाभर काढला तर पुस्तकातलं निम्मं तिथंच कळतं.

परिस्थिती बेताची असेल तर दहावीनंतर तंत्रनिकेतनचा तीन वर्षांचा डिप्लोमा करावा. मार्क चांगले पडले तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयचा फिटर, इलेक्ट्रिशियनही या कामात लागतोच. मनोऱ्यावर चढून चाकाला ग्रीस देणारा हात त्याचाच असतो.

मात्र एक सांभाळा. भारी नावाचा कोर्स आणि चकचकीत माहितीपत्रक बघून एकरभर रान गहाण टाकू नका. पिशवीवरचं चित्र बघून आपण बी घेत नाही. लेबल वाचतो, उगवण विचारतो. तसंच इथं विचारा: मान्यता कुणाची, वर्कशॉप आहे का, मागच्या वर्षी किती मुलं कुठं लागली? उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या.

गावातल्या कारभाऱ्यांनाही विनंती आहे. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेत न मिळाल्यानं हक्काची सीट आणि फीची सवलत जाते. तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंचांनी मिळून निकालाआधीच एक दिवस ठरवून हे कागद मार्गी लावावेत. मुलींचे कागद तर आधी लावावेत. फीसवलतीत त्यांच्या पदरात जास्त पडतं, आणि दाखला नसेल तर तेही हातचं जातं.

पोराचं स्वप्न डोंगराएवढं असू द्या. पाया मात्र साध्या, पक्क्या शाखेचाच घाला.