होडीच्या भाड्यात जीव धरला होता काय?

उजनीच्या पाण्याने करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतील गावे एकमेकांपासून तोडली. कुगावहून कळाशीला रस्त्याने जायचे म्हणजे मोठा वळसा. होडीचे भाडे या वळशाच्या खर्चापेक्षा कमी आणि डिझेल-मजुरीपेक्षा थोडे जास्त. बाजाराचा हिशेब एवढाच. लाइफ जॅकेट त्यात बसत नाही. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात याच मार्गावर होडी उलटली. सहा जण बुडून मेले, त्यांत दोन लहान मुले. नावाड्याला दोष देणे सोपे आहे. पण एस.टी.च्या तिकिटावर अपघात सहायता निधीचा एक रुपया २०१६ साली सुरू झाला, तो कुणी एका ड्रायव्हरने नव्हे, महामंडळाने लावला! होडीच्या प्रवाशासाठी असा हिशेब कुणी मांडला? धरण शासनाने बांधले. तेव्हा जॅकेट आणि विम्याचा खर्च शासनाने उचलावा आणि भाडे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवून त्याचा फलक काठावर लावावा.