दादाला एक तास जास्त का?



गेल्या सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गातली सायली माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. डबा हातात तसाच, न उघडलेला.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"आमच्या दादाला कॉलेजच्या परीक्षेत एक तास जास्त मिळतो. त्याच्या वर्गातली मुलं म्हणतात, ही चीटिंग आहे. आता दादा म्हणतो, या वेळी मी फॉर्मच भरणार नाही. बाई, दादा चीटर आहे का हो?"

मुलांनो, खरं सांगते, हा प्रश्न ऐकून मी गप्पच झाले. कारण सायलीचा हा दादा दहा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होता. आपण त्याला निखिल म्हणू. (दोघा भावंडांची नावं मी बदलली आहेत.) तोंडी प्रश्न विचारला की पहिला हात निखिलचा. पण वही उघडावी तर 'घ'च्या जागी 'ध', 'म'च्या जागी 'भ', आणि जोडाक्षरं अर्धी गायब! फळ्यावरच्या दहा ओळी उतरवून घ्यायला त्याला पाऊण तास लागायचा. मी तेव्हा नवीन होते. डी.एड. होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. मी त्याच्या वहीत लाल शाईनं लिहायची, 'आळस सोड. अक्षर सुधार.' एकदा तर आख्खा धडा पाच वेळा लिहून आणायला लावला होता.

निखिल आळशी नव्हता. त्याला डिस्लेक्सिया होता. तो आठवीत गेल्यावर सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा ते कळलं.

डिस्लेक्सिया म्हणजे काय? आपण 'क' हे अक्षर पाहतो आणि त्याचा आवाज मनात आपोआप उमटतो. काही मुलांच्या मेंदूत अक्षर आणि आवाज यांची ही जोडी चटकन जुळत नाही. बुद्धी कमी नसते, कष्टही कमी नसतात, पण वाचायला आणि लिहायला वेळ लागतो. काहींना मुख्य अडचण लिहिण्यातच येते, तिला डिस्ग्राफिया म्हणतात. आकड्यांची अडचण असेल तर डिस्कॅल्क्युलिया. या सगळ्यांना मिळून 'अध्ययन अक्षमता' असं नाव आहे. गोळी घेतली आणि बरं झालं, असं यात होत नाही. योग्य पद्धतीनं शिकवलं की मूल पुष्कळ पुढे जातं, पण वेग मोठेपणीही बेताचाच राहू शकतो. म्हणून तर निखिलला कॉलेजातही जादा वेळ लागतो.

सायलीला मी म्हटलं, "उत्तर उद्या देते. सगळ्या वर्गालाच देते."

मंगळवारी वर्गाचे दोन गट केले. म्हटलं, "महाराष्ट्रातल्या दहा जिल्ह्यांची नावं लिहा. वेळ तीन मिनिटं. पहिल्या गटानं नेहमीच्या हातानं लिहायचं, दुसऱ्यानं उलट्या हातानं." मग काय, नुसती धमाल! तीन मिनिटांनी पहिल्या गटात बहुतेकांची दहा नावं झाली होती. दुसऱ्या गटात कुणाची चार, कुणाची पाच, आणि तीही वेडीवाकडी.

"म्हणजे या गटाला जिल्हे येत नाहीत. नापास करू?" मी विचारलं.

"नाही बाई!" दुसरा गट ओरडला. "आम्हाला येतात. हातच चालत नव्हता!"

मग मी त्यांना आणखी तीन मिनिटं दिली. नावं पूर्ण झाली. पहिल्या गटातला एक पठ्ठ्या लगेच उठला, "मग आम्हालाही द्या की!" म्हटलं, घ्या. त्यांची नावं आधीच लिहून झाली होती. ते नुसते बसून राहिले.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण बाई, पेपर लांबलचक असला की सगळ्यांनाच वेळ कमी पडतो." अगदी खरं आहे गं! पण तसं झालं तर चूक पेपर काढणाऱ्याची. तक्रार तिथे करायची. दुसऱ्याचा जादा वेळ काढून घेतला म्हणून आपला पेपर काही छोटा होत नाही.

मुलांनो, परीक्षा कशाची आहे, हे आधी विचारावं. टायपिंगची परीक्षा असेल तर वेगालाच गुण. पण इतिहासाच्या परीक्षेत इतिहास किती समजला ते पाहायचं असतं. हात किती भरभर चालतो, ते नाही. जादा वेळ घेऊन निखिलला एकही उत्तर फुकट मिळत नाही. प्रश्न तेच, गुण तेच, तपासणीही तशीच. जे त्याला येतं, ते कागदावर उतरवायला वाट मिळते, इतकंच.

आणि ही कुणी केलेली मेहेरबानी नाही बरं का! आपल्या महाराष्ट्रानं तर १९९६ सालीच शालेय परीक्षांत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली. त्या बाबतीत आपलं राज्य देशात पहिलं. पुढे २०१६ साली संसदेनं दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मंजूर केला. त्यात डिस्लेक्सियासारख्या अडचणींचाही समावेश झाला. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळण्याची सोय असावी, असं या कायद्यातच लिहिलं आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं लेखी परीक्षांसाठी सूचना काढल्या. त्यांत हिशेब असा दिला आहे, की दर तासाला निदान २० मिनिटं जादा. आता करा गणित! तीन तासांच्या पेपरला किती? बरोबर, एक तास. निखिलचा 'जास्तीचा तास' तो हाच.

प्रत्येकाची गरज मात्र वेगळी. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ब्रेल किंवा बोलणारा संगणक लागतो. कमी दिसणाऱ्याला मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका लागते. चाकाच्या खुर्चीवर येणाऱ्याला तळमजल्यावरची खोली हवी. आणि ज्याला स्वतः लिहिता येत नाही, त्याला हवा लेखनिक. कॉलेजची मुलं त्याला 'रायटर' म्हणतात. परीक्षार्थी सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्या पदरचा काना-मात्राही घालायचा नाही, हे लेखनिकाचं काम. म्हणून लेखनिक साधारणपणे खालच्या इयत्तेतला घेतात. म्हणजे मोठे झालात की तुम्हीही कुणाचा तरी हात होऊ शकता!

एका तरुणाची गोष्ट सांगते. पेन धरून लिहू लागलं की त्याच्या हाताला पेटके यायचे. २०१८ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठी त्यानं लेखनिक मागितला. उत्तर आलं, तुम्ही नियमात बसत नाही. रुग्णालयानं त्याचं अपंगत्व मोजलं होतं सहा टक्के, आणि कायद्यात बऱ्याच लाभांसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे. पण हात सहा टक्के अपंग म्हणून पेपर सहा टक्केच राहतो का? तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की लिहिण्यात खरी अडचण असेल तर चाळीस टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारता येणार नाही. मग २०२२ साली केंद्र सरकारनं अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. एकानं दाद मागितली आणि कितीतरी जणांची वाट मोकळी झाली.

आता पालकांसाठी दोन शब्द. मूल तोंडी हुशार आणि लेखी मागे असं दिसलं, तर मारू नका, हिणवू नका, तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं की ते लोकांपासून लपवून कपाटात ठेवू नका. विद्यापीठाच्या परीक्षेत सवलत आपोआप मिळत नाही. कॉलेजच्या कार्यालयात आधी अर्ज द्यावा लागतो. मुदत टळली तर ऐन परीक्षेच्या दिवशी धावाधाव होते. प्रत्येक विद्यापीठाचे नियम थोडेफार वेगळे असतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच चौकशी करावी.

शुक्रवारी शाळा सुटताना सायलीला न्यायला निखिल स्वतः आला. चांगला उंच झालाय. सायलीनं घरी जाऊन त्यालाही उलट्या हाताच्या खेळाची गोष्ट सांगितली होती. मी त्याला म्हटलं, "निखिल, तुझ्या वहीत मी 'आळस सोड' लिहायची ना, ते चुकलं रे माझं."

तो हसला. म्हणाला, "बाई, तेव्हा तुम्हाला कुठे माहीत होतं? मलाही नव्हतं." मग जरा थांबून म्हणाला, "पण ते पाच वेळा लिहिलेलं अजून आठवतं हं!"

मला काय बोलावं ते सुचेना. सायली त्याचा हात ओढत म्हणाली, "दादा, सांग ना बाईंना, फॉर्म भरलास ते!"

फॉर्म भरलाय. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

तर मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ. उलट्या हातानं स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहून पाहा. किती वेळ लागला तो मोजा. आणि मग वर्गात ज्याचं लिहून व्हायचं असतं त्याला "ए, आटप की!" म्हणण्याआधी तो वेळ आठवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या बाई