जीर्ण प्रतीचें मोल

जुन्या पोथ्यांचें संशोधन करणारांस एक अनुभव वारंवार येतो. सुवाच्य अक्षराची, रंगीत समासांची पोथी हातीं येते, पण तिच्यांतील चार पानें गळालेलीं असतात. आणि कसरीनें खाल्लेल्या एखाद्या मळकट बाडांत नेमकीं तींच पानें सांपडतात. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाच्या बाबतींत असेंच घडलें.

फ्रिट्झ लांग यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटांत भविष्यकाळांतील एक महानगर दाखविलें आहे. वर धनिकांचे गगनचुंबी मनोरे, खालीं यंत्रांस जुंपलेले मजूर, आणि दोहोंमध्यें वणवा पेटविणारी एक यांत्रिक स्त्री! १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिन येथें तो प्रथम दाखविला गेला, तेव्हां सुमारें अडीच तासांचा होता. पुढें अमेरिकेंत आणि मग खुद्द जर्मनींतही त्यास कात्री लागली व चतुर्थांशाहून अधिक भाग गेला. ही यांत्रिक स्त्री घडविणारा शास्त्रज्ञ रोटवांग हा ‘हेल’ नांवाच्या मृत प्रेयसीसाठीं झुरत असतो. या नांवाचा इंग्रजींत ‘नरक’ असा ध्वनि निघतो, म्हणून अमेरिकन संपादकांनीं हेलच गाळली. आणि तिजबरोबर त्या माणसाच्या वर्तनाचें कारणही गेलें. उरला तो निव्वळ माथेफिरू!

परंतु १९२८ सालीं एका वितरकानें पूर्ण लांबीची प्रत अर्जेंटिनांत नेली होती. तिची पुढें १६ मिलिमीटरच्या लहान फितीवर नक्कल काढण्यांत आली. एका चित्रपटमंडळाच्या चालकानें पूर्वीं तक्रार केली होती कीं, हा पट दाखवितांना फीत हलूं नये म्हणून आपणांस दोन तासांहून अधिक वेळ तीवर बोट धरून उभें राहावें लागलें. फर्नांदो पेन्या यांनीं ही हकीकत ऐकली आणि ते चमकले. कारण प्रचलित प्रती इतक्या लांब नव्हत्याच! अखेर २००८ सालीं त्यांनीं व पाउला फेलिक्स-दिदिए यांनीं ब्युनॉस आयरिसच्या चित्रपट-संग्रहालयांत ती नक्कल हुडकून काढली.

तींत सुमारें २५ मिनिटांचा नवा भाग मिळाला, पण तो ओरखड्यांनीं भरलेला होता. दृश्यांचा मूळ क्रम संगीतकार हुपर्ट्झ यांच्या स्वरलिपींतील खुणांवरून लावण्यांत आला. फेब्रुवारी २०१० मध्यें ही जीर्णोद्धारित प्रत बर्लिनमध्यें दाखविली गेली. सांपडलेल्या भागावरील ओरखडे पुरते गेले नाहींत, आणि जीं दृश्यें मिळालीं नाहींत त्यांच्या जागीं केवळ लेखी मजकूर घातला आहे. जीर्णोद्धार करणारांचा हा प्रामाणिकपणा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. नवें रचून जुनें म्हणून खपविण्याचा मोह त्यांनीं टाळला.

आमच्याकडे काय स्थिति आहे? १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तेव्हां माळ्यावरचीं जुनीं बाडें व छायाचित्रें रद्दींत घालण्यापूर्वीं वाचकांनीं एकवार उघडून पाहावीं, एवढीच आमची विनंति. मळकट म्हणून आपण जें टाकूं, कदाचित् तेंच कोणाच्या तरी पोथींतील गळालेलें पान असेल.