कॉइलओव्हर की स्प्रिंगा? आधी ब्रेकरला टेप लावा

परवा रात्री भाचा घरी आला. जेवण झालं, हात धुतला आणि मोबाईल पुढं करून म्हणाला, "मामा, गाडी लो करायची ठरवलीय. कॉइलओव्हर टाकू की नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा? तुम्ही सांगा."

आता मी पाणी, खड्डे, घरपट्टी यावर लिहिणारा माणूस. पण गॅरेजच्या बाकड्यावर बसून चहा प्यायची वीस वर्षांची सवय आहे (गावातली बातमी तिथं पोलीस ठाण्याच्या आधी कळते), त्यामुळं थोडंफार कळतं. आणि हा विषय फक्त भाच्याचा नाही. संध्याकाळी कॉलेज रोडला अर्धा तास उभे राहा. खाली बसवलेल्या पाच-सहा गाड्या सहज मोजाल. ब्रेकर आला की तिरक्या होतात, उलट्या बाजूला घुसतात आणि मागचा दुचाकीवाला करकचून ब्रेक मारतो. म्हणजे हा सगळ्यांच्या रस्त्याचा प्रश्न झाला.

एक आधीच सांगतो. "कशाला पाहिजेत असली थेरं?" हे मी म्हणणार नाही. आमच्या पिढीनं स्कूटरला झालरी लावल्या, यामाहाचे सायलेन्सर फोडले. पोराला गाडी सुंदर दिसावी वाटते, वळणावर ती कमी कलावी वाटते, यात पाप नाही. प्रश्न एवढाच की पैसे कशात घालायचे आणि त्याची किंमत कोण मोजणार.

मुळात काम काय चालतं ते समजून घ्या. स्प्रिंग गाडीचं वजन उचलते. शॉकअप त्या स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. कंपनी दोघांची जोडी जुळवून देते. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे आखूड आणि जरा कडक स्प्रिंग. शॉकअप मूळचाच राहतो. गाडी साधारण अडीच ते चार सेंटिमीटर खाली येते. कडक का? तर खाली दबायला जागाच कमी उरते म्हणून. पण मूळचा शॉकअप मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला. त्याला ही कडक स्प्रिंग आवरत नाही, आणि त्याचा दांडा कायम अर्धा आत शिरलेला. खड्डा आला की आतल्या रबरावर आदळतो. धप्प असा आवाज येतो ना, तो तोच. नवा शॉकअप असेल तर काही वर्षं निभावतं. भाच्याची गाडी ऐंशी हजार किलोमीटर पळालेली आहे.

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जुळवून बनवलेला संच. शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यावरची चकती फिरवून उंची कमी-जास्त करता येते. बऱ्याच संचांत शॉकअपचा कडकपणा बदलायलाही वेगळी खुंटी असते. भाच्याच्या स्विफ्टला मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप मुळातच वेगवेगळे बसतात, म्हणून तिथं 'कॉइलओव्हर' फक्त नावाला. हे त्याला माहीत नव्हतं, आणि ज्यानं दर दिला त्यानंही सांगितलं नाही.

दर काय मिळाला? चांगल्या कंपनीच्या स्प्रिंगा वीस-पंचवीस हजार, कॉइलओव्हर लाखाच्या पुढं. बोनसचे पैसे आहेत, म्हणून त्याचा जीव कॉइलओव्हरवर. दोस्तांचंही तेच म्हणणं, "भावा, पैसे असतील तर कॉइलओव्हरच. उंची आपल्या हातात."

इथंच माझं जमत नाही. उंची हातात म्हणजे काय? ज्यांनी हे बसवलंय त्यांना विचारा, पहिला महिना संपल्यावर किती वेळा चकती फिरवली. उंची बदलली की अलाइनमेंट बदलतं, ते परत करायला हवं, नाहीतर टायर आतल्या कडेनं झिजतो आणि वरून पाहिलं तर कळतही नाही. शिवाय आपल्याकडं पावसाळ्यात चिखल, ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याला लागलेली माती. ती आट्यांत जाऊन बसते. दोन पावसाळे साफसफाई केली नाही तर चकती अशी धरते की मिस्त्री छिन्नी-हातोडा घेतो. मग लाखाची वस्तू एकाच उंचीला अडकून पडते. म्हणजे झाली की लोअरिंग स्प्रिंगच, फक्त चौपट दरात.

ट्रॅकवर जाणाऱ्याला कॉइलओव्हरचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. तो टायर बदलतो, सेटिंग बदलतो, वेळ मोजतो. रोज एमआयडीसीला जाणाऱ्या आणि रविवारी जेजुरीला जाणाऱ्या गाडीला ते काय कामाचं? आणि स्वस्तातले कॉइलओव्हर तर मूळच्या शॉकअपपेक्षाही वाईट. वर्षात तेल गळायला लागतं आणि सुटे भाग मिळत नाहीत.

म्हणून भाच्याला सांगितलं ते असं. करायचंच असेल तर अडीच सेंटिमीटरच्या वर जाऊ नको. चांगल्या कंपनीच्या, तुझ्याच मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंगा घे आणि उरलेल्या पैशात चारही शॉकअप, आतले रबर, बुश नवे टाक. त्याच दिवशी अलाइनमेंट. आणि त्याच्याही आधी नुसते शॉकअप आणि टायर बदलून महिनाभर चालवून बघ. वळणावर गाडी कलते अशी तुझी तक्रार आहे ना, त्यातली निम्मी जुन्या शॉकअपमुळं असेल.

तिसरा एक मार्ग आहे. त्यावर कुणी व्हिडिओ करत नाही, पण आपल्या भागात तोच जास्त चालतो. ग्राइंडर. स्प्रिंगचे दीड-दोन वेढे कापले की काम फत्ते, खर्च हजार-दोन हजार.

यावर मला स्वतःचंच एक सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाट्यावर एक अपघात झाला. मी फोटो काढायला गेलो होतो. गाडी आडवी, दूध घालणाऱ्या माणसाची मोटरसायकल तिच्याखाली, त्याचा पाय मांडीत मोडलेला. मी रात्री तीन ओळी लिहिल्या, त्यात आपलं नेहमीचं वाक्य, "चालकाचा ताबा सुटल्याने". चार दिवसांनी गॅरेजमध्ये मिस्त्रीनं त्या गाडीची मागची स्प्रिंग माझ्या हातात दिली. एक टोक कंपनीचं, गोलाकार. दुसरं सपाट कापलेलं, ग्राइंडरचे ओरखडे तसेच. चाक खड्ड्यात गेलं की ते खाली लोंबतं, आणि आखूड झालेली स्प्रिंग त्या वेळी सैल होऊन बसकणीतून निसटते. तशीच ती निसटली होती. ताबा सुटला नव्हता, स्प्रिंग सुटली होती. मी ती बातमी दुरुस्त केली नाही. छापून गेलं, विषय संपला, असं तेव्हा वाटलं. तो माणूस अजून काठी घेऊन चालतो आणि मला रोज दिसतो.

आता ब्रेकरकडं या. सगळा दोष पोरांचा म्हणून मोकळं होता येणार नाही.

कागद-पेन घेऊन बसलो. भाच्याच्या स्विफ्टचा रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. तीन सेंटिमीटर खाली बसवली तर उरले १३३. पाच माणसं बसली की आणखी तीन-चार सेंटिमीटर जातात. राहिले अंदाजे दहा सेंटिमीटर.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर आहे २४५० मिलिमीटर. म्हणजे गाडी मधोमध आली की चारही चाकं त्या उंचवट्यावरच असतात. हिशेब केला तर चाकांच्या रेषेच्या वर जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. दहा सेंटिमीटर जागा असलेली गाडी पाच माणसं घेऊन आरामात जाईल!

आता आपला कॉलेजसमोरचा ब्रेकर. काल सकाळी टेप लावला. रुंदी ७० सेंटिमीटर, उंची १७. दोन चाकांच्या मध्ये तो अख्खाच्या अख्खा येतो. १६३ मिलिमीटरची, कंपनीतून आली तशी, हात न लावलेली गाडीसुद्धा त्यावर घासणार. चेंबर फुटून इंजिन ऑइल रस्त्यावर सांडलेलं तुम्हीही पाहिलं असेल. तिथूनच अॅम्ब्युलन्स मिरजेला जाते. आतल्या पेशंटनं कुठं गाडी लो केलीय? त्याचा मणका कोणत्या गुन्ह्यासाठी आपटायचा?

कायद्याचंही तसंच. कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२ए कलम आलं. परवानगी नसलेला फेरफार केला तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाचायला कडक आहे. पण रस्त्यावर दंड होतो तो काळ्या काचांना आणि हॉर्नला, कारण ते दिसतं. कापलेली स्प्रिंग चाकाच्या आड असते, वाकून कोण बघतो? आणि उद्या कुणी वाकून बघितलंच, तर चांगल्या स्प्रिंगा नव्या शॉकअपसोबत बसवणारा आणि ग्राइंडर चालवणारा, दोघांना एकाच मापानं मोजलं जाणार.

जर्मनीत, म्हणजे आयबाख, एच अँड आर, बिलस्टीन, केडब्ल्यू या कंपन्यांच्या घरी, असल्या स्प्रिंगांसोबत तपासणीचं प्रमाणपत्र येतं. बसवल्यावर गाडी टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेकडं न्यायची. ते उंची, चाक कुठं घासतं का, दिव्यांची दिशा सगळं बघतात, आणि मग गाडीच्या कागदावर नोंद होते. हौस करा, पण दाखवून करा. आपल्याकडं अशी वाट काढली तर पोरं चोरून काम करणार नाहीत आणि ग्राइंडरवाल्याचा धंदा आपोआप बसेल. विम्याचाही घोळ मिटेल, कारण आज न कळवलेला फेरफार निघाला की क्लेमच्या वेळी वाद ठरलेला.

भाच्याचं काय झालं? ताईच्या कमरेत गॅप आहे, दर पंधरा दिवसांनी तिला मिरजेला न्यावं लागतं, याच गाडीतून, मागच्या सीटवर. मी म्हटलं, निर्णय घ्यायच्या आधी दोस्ताच्या लो केलेल्या गाडीत एकदा मागं बसून मिरजेला जाऊन ये. पुढं नाही, मागं. शनिवारी गेला. आल्यावर कॉइलओव्हरचं नाव काढलं नाही. शॉकअपची ऑर्डर दिलीय, स्प्रिंगांचं "दिवाळीनंतर बघू" म्हणतोय. बघू.

माझं काम मात्र आजपासून सुरू. आपापल्या वॉर्डातल्या ब्रेकरला टेप लावा, रुंदी आणि उंची दोन्ही दिसेल असा फोटो काढा आणि जागेच्या नावासह खाली कमेंटमध्ये टाका. गर्दीच्या वेळी रस्त्यात बसू नका, सकाळी लवकर जा. पुढच्या सोमवारी सगळी मापं आणि मानकाची प्रत घेऊन मी नगरपालिकेत जाणार आहे. कोण येतंय सोबत, तेही लिहा.