पांचांचें काम

शाळांतून हल्लीं मुलांचे पांच-सहांचे गट करून काम देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. गांवांतील पाणीपुरवठा, सूर्यमालेची प्रतिकृति असा एखादा विषय नेमून द्यावयाचा, मुलांनीं एकत्र बसून तो सिद्ध करावयाचा, आणि गुण सर्वांस सारखे, अशी ही योजना. तिच्यामुळें घरोघरीं जी कुरकुर उत्पन्न होते तीहि आमच्या वाचकांच्या परिचयाची असेल. तक्ता एकीनें रात्रीं अकरापर्यंत जागून रंगविला, माहिती तिच्याच आईनें शोधून दिली, आणि खालीं नांवें मात्र पांच! आजी विचारते, "अग, बाकीच्या चौघी कोठें गेल्या?" नात उत्तर देते, "त्यांना जमत नाहीं, आजी. मीच केलें म्हणजे चांगलें होतें." ह्या एका उत्तरांत सामुदायिक कामाचे गुणदोष सांठविलेले आहेत, असें आम्हांस वाटतें.

समूहानें शिकणें ही कांहीं नवी टूम नव्हे. विद्यार्थ्यास ज्ञानाचा एक चतुर्थांश गुरूपासून, दुसरा स्वतःच्या बुद्धीनें, तिसरा सहाध्यायांकडून आणि उरलेला कालांतरानें प्राप्त होतो, असा एका जुन्या सुभाषिताचा आशय आहे. सहाध्यायांस गुरूच्या बरोबरीचा वाटा देणारा तो सुभाषितकार खास अनुभवी असला पाहिजे. इ. स. १७८९ मध्यें मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था अँड्र्यू बेल ह्या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. एतद्देशीय शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें गिरवितात हें पाहून त्यानें तो प्रकार आपल्या शाळेंत आणला, आणि थोडें पुढें गेलेल्या मुलाकडून मागील मुलास शिकविण्याचा क्रम सुरू केला. १७९७ सालीं त्याची हकीकत लंडनांत प्रसिद्ध झाली, व पुढें ही 'मद्रास पद्धति' इंग्लंडांतील शाळांतून पसरली. हिचें मर्म सोपें आहे. त्रैराशिक ज्याला कालच समजलें, त्याला आपण कोठें अडखळलों होतों तें आज स्पष्ट आठवतें. चाळीस वर्षें तें शिकविणाऱ्या मास्तरांस तें आठवतेंच असें नाहीं. शिवाय दुसऱ्यास समजावून देतांना आपल्यास जें पक्कें समजलेलें नसतें तें उघडें पडतें, हा लाभ वेगळाच.

मग एवढ्या चांगल्या पद्धतीचा असा विचका कां व्हावा? फ्रान्समधील कृषिशास्त्रज्ञ माक्स रिंगेलमान ह्यानें माणसांकडून दोर ओढवून त्यांच्या जोराचें मापन केलें होतें. त्याचे निष्कर्ष १९१३ सालीं प्रसिद्ध झाले. आठ माणसें मिळून ओढूं लागलीं कीं प्रत्येकाचा जोर, तो एकटा असतांना लावतो त्याच्या सुमारें निम्म्यावर येतो, असें त्यांत आढळलें. सर्वांचा झटका एकाच क्षणीं बसत नाहीं, हें त्याचें एक कारण. पण तेवढेंच नव्हे. १९७९ सालीं लाताने, विल्यम्स व हार्किन्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून व कान झांकून त्यांस ओरडावयास लाविलें. आपल्याबरोबर इतर ओरडत आहेत अशी नुसती समजूत करून दिली, तरी एकट्यानेंच ओरडणाऱ्याचा आवाज उतरे. त्याच तिघांनीं १९८१ मध्यें असेंहि दाखविलें कीं, प्रत्येकाचा आवाज निराळा मोजला जात आहे असें कळतांच ही कसर नाहींशी होते. तेव्हां गटांत मागें राहणारीं मुलें स्वभावतः आळशी असतात, असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांच्या वाट्यास काय आलें तें कोणी पाहत नाहीं, एवढेंच.

ह्याला दुसरीहि बाजू आहे. गणेशचतुर्थीस घरांत पंचवीस पानें मांडावयाचीं असलीं कीं वडीलधारी बाई कामें वांटून देते. जिचा हात उकडीला बसलेला तिनें उकड काढावी, जिची पारी पातळ होते तिनें मोदक वळावे, जिला ह्यांतलें कांहींच येत नाहीं तिनें केळीचीं पानें पुसावीं. पंगत वेळेवर बसली पाहिजे, म्हणून हें योग्यच आहे. परंतु अशा वांटणींत पानें पुसणारी दहा वर्षें पानेंच पुसते. स्वयंपाकघरांत काम ज्याला येतें त्याला द्यावें. शाळेंत मात्र तें ज्याला येत नाहीं त्याला द्यावयास हवें. गुण जर तयार तक्त्यालाच मिळत असतील, तर मुलें स्वयंपाकघराचाच न्याय लावणार. त्यामुळें हुशार मुलगी 'दुसऱ्यावर विसंबूं नये' असा धडा घेते, आणि बुजरी मुलगी 'आपल्यावांचून कोणाचें अडत नाहीं' असा. पहिलीच्या श्रमांची गुणांनीं थोडी तरी भरपाई होते. दुसरीचें नुकसान गुणपत्रिकेंत दिसतच नाहीं.

ह्यावर उपाय आहे, व तो करून पाहिलेला आहे. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत ऑस्टिन शहरीं १९७१ मध्यें गोरीं, काळीं व मेक्सिकन वंशाचीं मुलें एका वर्गांत नुकतींच आणलीं होतीं आणि त्यांच्यांत वितुष्ट माजलें होतें. इलियट ॲरन्सन ह्या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पाठाचे सहा तुकडे केले आणि सहांच्या गटांत प्रत्येकास एकेकच दिला. आपला तुकडा इतरांस समजावून सांगावयाचा. परीक्षा मात्र संपूर्ण पाठावर आणि प्रत्येकाची स्वतंत्र. एका गटांत जोसेफ पुलित्झर ह्या वृत्तपत्रकाराचें चरित्र होतें. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या एका मुलाची तेथें प्रथम टिंगल झाली. देखरेख करणारानें इतकेंच सांगितलें कीं, टिंगलीनें त्याच्याजवळची माहिती तुम्हांस मिळणार नाहीं, आणि परीक्षा तर जवळ आली आहे. पुढें मुलें त्याला नीट प्रश्न विचारूं लागलीं, आणि प्रश्न नीट आले तशीं त्याचीं उत्तरेंहि सुधारलीं.

शिक्षकबंधूंनीं एवढें अवश्य करावें: तक्ता पाहून झाल्यावर गटांतील प्रत्येक मुलास, दुसऱ्यानें केलेल्या भागावर, एक प्रश्न विचारावा. घरीं वडील मंडळींनीं तक्ता स्वतः पुरा करण्याचा मोह आवरावा, आणि मुलीस "किती गुण मिळाले?" असें न विचारतां "तुझ्या मैत्रिणीनें काय केलें, तें मला समजावून सांग" असें म्हणावें. तिला सांगतां आलें नाहीं, तर तक्ता कितीहि सुरेख असला तरी काम अपुरें आहे असें समजावें.

आणि जमल्यास एखाद्या संकष्टीस, पानें थोडीं असतांना, नेहमीं पानें पुसणारीस मोदक वळावयास बसवावें. दोनचार फुटतील. ते घरच्यांनींच खावे.