एकल मातेस अनुदानही हवे आणि रोजगारही हवा



पतीच्या निधनाने, घटस्फोटाने अथवा त्याने टाकून दिल्याने जिच्या एकटीच्या शिरावर लेकरांचा सारा भार येऊन पडला आहे, अशा मातेने कष्ट करून स्वावलंबी व्हावे, असा उपदेश समाजाच्या सर्व थरांतून तिला केला जातो. परंतु तिने खरोखरच कष्ट करून चार पैसे गाठीस बांधले, तर तिचे सरकारी साहाय्य बंद पडण्याची तजवीज आपल्याच राज्याच्या नियमांत आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. विधवा, घटस्फोटिता व परित्यक्ता यांना तीतून मिळणारे अनुदान २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाले, ते योग्यच झाले. मात्र ज्या बाईचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत नाही, तिने कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला तहसील कचेरीत रुजू केला पाहिजे, अशी अट आहे. महिन्यास १,७५० रुपये, म्हणजे दिवसास साठ रुपयांहूनही कमी! नित्य खुरपणीस जाणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई ही मर्यादा ओलांडल्यावाचून राहत नाही. मग तिने आपली मजुरी लपवावी, की अनुदानावर पाणी सोडावे? याच सरकारने २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा मान्य केली असता, जिला स्वतः सरकारच निराधार म्हणते, तिच्यापुरती ही कृपणता का, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी दिलेच पाहिजे.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले आणि धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापिला, तेव्हा आश्रय दिलेल्या स्त्रीस शिक्षणही दिले. एक दिले म्हणून दुसरे नाकारले नाही. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून काम मागण्याचा हक्क देशात प्रथम मान्य केला, त्याने साहाय्य आणि श्रम यांना परस्परांचे वैरी करावे, ही अत्यंत खेदाची गोष्ट होय.

रोजगाराच्या वाटेतील खरी अडचण आळसाची नसून मूल कोणापाशी ठेवावे, ही आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पाळणाघर सक्तीचे झाले. परंतु शेतात, परक्या घरांत आणि लहानसहान दुकानांत राबणाऱ्या मातेस त्याचा उपयोग काय? अंगणवाडी काही तासांत सुटते, मजुरीचा दिवस मात्र सायंकाळपर्यंत चालतो, आणि मधल्या वेळी पाठच्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा बुडते. परित्यक्तेची तर याहून कठीण अवस्था, कारण नवऱ्याने टाकल्याचा पुरावा तिने कोणत्या दफ्तरातून आणावा?

म्हणून आमची मागणी अशी की, एकल मातेची मजुरी उत्पन्नाच्या हिशेबातून वगळावी. निदान उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांपर्यंत न्यावी, आणि ती ओलांडल्यास अनुदान एकदम न तोडता क्रमाने कमी करावे. परित्यक्तेस ग्रामसभेचा ठराव पुरावा म्हणून चालावा. अंगणवाडीस जोडून दिवसभराचे पाळणाघर असावे, व तेथील सेविकेस वाढीव कामाचे वाढीव वेतन मिळावे. येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा, मंजूर करून घ्या, त्याची एक प्रत तहसीलदारांकडे व दुसरी आपल्या आमदारांकडे द्या, आणि दोन्हींची पोच मागून घ्या.